लाकडाचे अभ्यंगस्नान

नरकचतुर्दशीच्या पहाटे माणूस आपल्या अंगाला तेल चोळून घेतो. आमच्या कुडाळकडे तुळशीपुढे कारीट फोडायचे, त्याचा कडूपणा जिभेला लावायचा आणि मग पोह्यांवर तुटून पडायचे, असा त्या दिवसाचा क्रम. समईला तेल, पणत्यांना तेल, बायकापोरांच्या डोक्याला तेल. मात्र ज्या घराच्या सावलीत हा सोहळा चालतो, त्या घराच्या लाकडाला त्या दिवसांत तेलाचा थेंब मिळत नाही. चार महिने पावसाचा मार खाल्लेला माडीचा सज्जा, पडवीतले बाकडे, ओटीवरचा झोपाळा ही मंडळी करड्या चेहऱ्याने आपली दिवाळी पाहत असतात.

सज्जा म्हणजे माडीला बाहेरून लटकलेली फळ्यांची गॅलरी. गिरगावच्या जुन्या चाळींत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हिची ओळख सांगायला नको. पण चाळीच्या गॅलरीला वर छप्पर तरी असते. आमच्या सज्जाचा पुढचा हातभर भाग उघड्यावर आहे, आणि या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा त्याच्या फळ्यांची रया जाते, यात नवल नाही.

नवल वेगळेच आहे. लाकूड करडे पडते, त्याला मुख्यतः पाऊस कारण नसून ऊन कारण असते. लाकडाचे तंतू ज्याने एकमेकांना चिकटून राहतात ते द्रव्य, लिग्निन, उन्हातल्या अतिनील किरणांनी फुटते. पाऊस येतो आणि ते धुऊन नेतो. मागे उरतात उघडे पडलेले करडे तंतू. म्हणजे गुन्हा उन्हाचा आणि नाव पावसाचे! पण ही करडी कातडी जेमतेम नखाएवढ्या जाडीची असते; खाली लाकूड ठणठणीत असते. कुजणे ही निराळी गोष्ट. लाकडातला ओलावा शेकडा वीसच्या वर गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून राहिला, की बुरशी घर करते.

हा भेद समजून घेण्याची वेळ आमच्यावर भाऊबंदांमुळे आली. घर सामाईक आहे. चतुर्थीला मुंबईची मंडळी आली, तेव्हा थोरल्या चुलतभावांनी सज्जाकडे पाहून निकाल दिला, "मास्तर, हे आता काढून टाकू आणि स्लॅब घालू. नाहीतर परवाच्या परवा चकचकीत व्हार्निश मारून घेऊ." दादा वयाने मोठे, त्यांच्यापुढे मी कधी आवाज चढवला नाही. पण त्या फळ्या आमच्या आजोबांनी परड्यातल्या फणसाच्या काढलेल्या. फणसाचे लाकूड कापले तेव्हा हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षे लोटतात तसे तपकिरी होत जाते. तो पिवळेपणा पाहिलेले आमच्या घरात आता एकच माणूस उरले आहे, माझी आई. ती काही बोलली नाही. सज्जाच्या कठड्यावर नुसता हात ठेवून उभी राहिली.

शेवटी गावच्या मेस्त्रींना बोलावले. त्यांनी खिशातली पटाशी काढून प्रत्येक फळीच्या टोकाला टोचून पाहिली. दोन ठिकाणी ती लोण्यात जावी तशी आत गेली. बाकी सगळीकडे टणत्कार. मग ते दादांना म्हणाले, "पावसान लाकूड कुजना नाय ओ. पाणी साचला की कुजता. दोन फळये बदला, फटी साफ करा, आणि वर्षाक एकदा तेल पाजा. पण आता नको. आता त्याच्या पोटात पाणी आसा."

या शेवटच्या वाक्यात सारे शास्त्र आले. आम्ही कोकणातली माणसे घराची डागडुजी चतुर्थीला काढतो, कारण तेव्हा चाकरमानी घरी असतात. परंतु भाद्रपदातले लाकूड पाण्याने तुडुंब असते. त्यावर व्हार्निशचा जाड थर चढवला, तर आतले पाणी अडकून पडते, उन्हाने वाफाळते आणि थराला फोड येतात. मग त्या फोडांतून पुढच्या पावसाचे पाणी शिरते, आणि बाहेर येण्याची वाट मात्र उरत नाही. कार्तिक ते पौष हा लाकडाचा खरा सणाचा काळ. फळीवर पाण्याचा थेंब टाकावा. तो पटकन शोषला गेला, तर लाकडाला तहान लागली आहे असे समजावे.

माणसाच्या अभ्यंगात आधी तेल आणि मग स्नान; लाकडाचे उलट. पहिल्यांदा रिठ्याचे पाणी आणि काथ्याचा ब्रश घेऊन रेषेच्या दिशेने घासावे. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि काळे डाग पाडतात. लाकडातला तुरट रस आणि लोखंड यांच्या मिलनातून हा काळिमा जन्मतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, ती याच न्यायाने. तेव्हा आमच्या सज्जावर प्रत्येक खिळ्याभोवती एकेक शाईचा डाग पडला होता, याचे मराठीच्या मास्तराला वाईट का वाटावे? हे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. लिटरभर पाण्यात पन्नासएक ग्रॅम पुरे. मात्र ते विषारी असते. हातात रबरी मोजे हवेत, मुलांना दूर ठेवावे, आणि नंतर फळ्या स्वच्छ पाण्याने दोनदा धुवाव्यात. मग चार-पाच दिवस कडकडीत वाळू द्यावे आणि पॉलिश कागदाचा हलका हात फिरवावा.

आता तेल कोणते? नारळाच्या मुलखात प्रथम खोबरेलच सुचते. पण खोबरेल कधी वाळत नाही. ते धूळ तेवढी गोळा करते. आमचे मालवणकडचे दर्यावर्दी लाकडी होड्यांना मुशीच्या यकृताचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावीत. काजूतेल वाळवीला आणि बुरशीला मोठे जालीम. पण ते बिब्ब्याचे सख्खे भावंड असल्याने हाताची सालटी काढते. आता होड्याही फायबरच्या झाल्या. घरच्या कामाला रंगाच्या दुकानातले बेलतेल उत्तम. बेलाच्या झाडाचा याच्याशी काही संबंध नाही. हे उकळलेले जवसाचे तेल. 'बॉइल्ड' या शब्दाचेच आम्ही हे बेलपत्र केलेले असावे! हवेतला प्राणवायू घेऊन ते लाकडाच्या आत वाळते.

पहिला हात निम्मे टर्पेंटाइन घालून पातळ द्यावा. त्यात थोडा वस्त्रगाळ गेरू कालवावा. नुसते तेल ऊन अडवू शकत नाही. गेरूतला लोहाचा तांबडा कण ते अडवतो. स्वीडनमध्ये फालूनच्या खाणीतल्या तांबड्या मातीने लाकडी घरे शतकानुशतके रंगवतात, तेही याच जातीचे औषध. अर्ध्या तासाने न मुरलेले तेल फडक्याने पुसून काढावे, नाहीतर ते चिकट राहून बुरशीला जेवण होते. दोन दिवसांनी दुसरा हात. आणि एक ताकीद: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवावीत किंवा उन्हात एकेक पसरावीत.

नॉर्वेत बॉर्गुंड या गावी बाराव्या शतकाच्या अखेरचे एक लाकडी चर्च आहे. बर्फ आणि पाऊस झेलत ते आठशे वर्षे उभे आहे, कारण पिढ्यान् पिढ्या कोणीतरी त्याला डांबर पाजीत आले. लाकडाला लोखंडाचे कवच लागत नाही; वर्षाकाठी एका माणसाचे दोन दिवस लागतात. आमच्या गावात कुलूप लावलेली जी घरे खचली, ती पावसाने खचली असे म्हणायची पद्धत आहे. पाऊस तर शेजारच्या नांदत्या घरावरही तेवढाच पडत होता.

दादांनी स्लॅबचा विचार अजून सोडलेला नाही. पण यंदा नाताळच्या सुट्टीत धाकट्या मुलाला घेऊन येतो, असे त्यांनी कळवले आहे. बेलतेलाचा डबा आणि दोन नव्या फळ्या मी आणून ठेवल्या आहेत. वाचकहो, तुमचेही कुठे गावी एखादे घर असेल, त्याच्या ओटीवर आजोबांचा झोपाळा असेल. पुढची रजा मांडताना चतुर्थीबरोबर पौषातले दोन दिवसही त्याच्या नावे लिहून ठेवा. फुलबाज्यांच्या खर्चात तेलाचा डबा सहज येतो.