नाव गावाचे, दाम कोणाचा?

वाइनचा विषय निघाला की महाराष्ट्रातील चर्चा मद्यपान बरे की वाईट, याच वळणावर अडते. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही तेच झाले. एका पक्षाने शेतकऱ्याच्या हिताची ग्वाही दिली, दुसऱ्याने संस्कृतीच्या ऱ्हासाची भीती व्यक्त केली. या व्यवहारात शेतकऱ्याचे स्थान नेमके कोणते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

भूमध्य समुद्रापासून जवळच असलेला, स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील प्रिओरात हा डोंगराळ मुलूख या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. काळसर पाटीच्या दगडाच्या उतारांवर तेथे मुख्यतः गार्नाचा व कारिन्येना या जातींच्या वेली वाढतात, उत्पन्न अल्प. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या किडीने मळे उद्ध्वस्त केले आणि गावे ओस पडत गेली. १९८० नंतरच्या दशकात काही उत्पादकांनी या उतारांचे मोल ओळखले आणि २००० मध्ये कॅटलान सरकारने त्या वाइनला सर्वोच्च दर्जा दिला. त्या नावाने विकली जाणारी वाइन त्याच मुलखातील द्राक्षांची असावी लागते. विशेष म्हणजे, नावाची राखण करणाऱ्या नियामक मंडळावर वाइन बनवणाऱ्यांबरोबर द्राक्ष पिकवणाऱ्यांचेही प्रतिनिधी बसतात.

‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावासही भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु मानांकनाने नाव सुरक्षित होते, भाव नव्हे. नाशिकची बहुतेक द्राक्षे थॉमसनसारखी, खाण्याची. शिराझ, शेनिन ब्लांक या वाइनच्या जाती शेतकरी कारखान्याशी करार करून लावतो. ही द्राक्षे लहान व बियांची. कारखान्याने पाठ फिरवली तर बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. २००८ च्या मंदीनंतर हेच घडले आणि अनेकांनी वाढवलेल्या वेली स्वहस्ते उपटून टाकल्या.

नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील भिवंडीला हे दुःख नवे नाही. येथील यंत्रमागधारक बहुधा दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने ग्रे कापड विणतो. रंगाई अन्यत्र होते, छाप तिसऱ्याचीच उमटते. तेजीत त्याचा वाटा ठरलेला, मंदीत तोटा मात्र त्याचा. विणणाऱ्याचे जे झाले तेच पिकवणाऱ्याचे होणार असेल, तर शेतकऱ्याच्या नावाने वाइनचा कैवार घेणे ही केवळ सोय ठरेल.

वाइन कोठे विकावी, याचा निर्णय शासन यथावकाश घेईल. त्याआधी ठरावयास हवे ते हे की, नाशिकच्या नावाचा व्यवहार जेथे ठरतो त्या बैठकीत द्राक्षबागाईतदारास खुर्ची असावी आणि वेल लावण्यापूर्वीच खरेदीची हमी त्याच्या हाती पडावी.