हाताखालच्या वस्तूचे चित्र

शालेय वयात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या वाचकांना वस्तुचित्राची धास्ती अजून आठवत असेल. समोर स्टुलावर बादली, तांब्या, एखादे फळ असे काही मांडलेले असे. बाह्यरेषा बहुतेकांना बऱ्यापैकी जमे; छायाप्रकाशाची वेळ आली की बादलीची एक बाजू काळी करून समाधान मानले जाई. तो पेपर पुन्हा सोडवून पाहण्याची संधी आता संगणकावर घरबसल्या मिळते. समोर मांडायची वस्तूही शोधावी लागत नाही. संगणकाचा माऊस घ्यावा आणि त्याचेच हुबेहूब चित्र काढावे.

वस्तू साधी वाटते आणि तिथेच माणूस फसतो. माऊस दिवसभर हाताखाली असतो, म्हणूनच तो कधी नीट पाहिलेला नसतो. पाहायचा तर हात उचलावा लागतो आणि हात उचलला की चित्र थांबते. यावर उपाय सोपा आहे. बहुतेक घरांत टेबलाच्या खणात एखादा जुना, बाद झालेला माऊस पडलेला असतो. तो काढून, पुसून, पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि डाव्या बाजूने एकच दिवा लावावा. खोलीतील इतर दिवे बंद करावेत. दोन दिव्यांच्या दोन सावल्या नवशिक्याला गोंधळात टाकतात.

चित्र काढण्यासाठी महागडी आज्ञावली लागत नाही. थॉमस आणि जॉन नोल या बंधूंचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले आणि छायाचित्र-संपादनाला त्याचेच नाव पडले. मात्र २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणी भरूनच वापराव्या लागतात. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली सुरू केलेली ‘गिम्प’ ही आज्ञावली मात्र विनामूल्य आहे आणि या कामाला पुरून उरते.

माऊसचा जन्मही चित्रात धरण्याजोगा होता. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास घडविलेला पहिला माऊस लाकडी ठोकळ्याचा होता. खाली काटकोनात बसविलेली दोन चाके आणि वर एक बटण. तो चौकोनी ठोकळा काढणे कोणालाही जमले असते. आजचा माऊस तळहाताच्या खळग्यात बसावा म्हणून सर्व बाजूंनी गोलावलेला असतो, त्याला सरळ रेष जवळजवळ नसते. खरी कसोटी ती आहे.

सुरुवातीला माऊस सरळ वरून पाहिल्यासारखा काढावा. बाह्यरेषेसाठी हाताने रेघ ओढण्याच्या फंदात पडू नये. साठीनंतरच काय, विशीतही माऊस धरून सुरेख वक्ररेषा निघत नाही. ‘पाथ’ नावाचे साधन घ्यावे. त्यात कडेवर मोजके बिंदू द्यायचे आणि प्रत्येक बिंदूला जोडलेल्या दांड्या ओढून मधला वक्र हवा तसा वाकवायचा. या वक्रांना रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंता पिएर बेझिए यांचे नाव आहे. मोटारीच्या पत्र्याचे घाट गणिताने मांडण्यासाठी त्यांनी ते वापरले आणि आज तेच माऊसच्या पाठीला उपयोगी पडतात. बिंदू जितके कमी तितका वक्र गुळगुळीत. सहा-सात बिंदूंत काम होते. पंचवीस दिले तर माऊस फणसासारखा दिसू लागतो.

पुढचे सर्व काम थरांवर करावे. धड एका थरावर, चाक दुसऱ्यावर, तार तिसऱ्यावर, चकाकी आणि सावली आणखी वेगळ्या थरांवर. थर म्हणजे एकावर एक ठेवलेली पारदर्शक काच समजावी. ज्यांनी आयुष्यभर खातेवह्या सांभाळल्या, त्यांना ही शिस्त नवी वाटणार नाही. वहीत चुकलेली नोंद खोडायची नसते, उलट नोंद करून ती दुरुस्त करायची असते. येथेही मूळ रंगावर रंग फासू नये. दुरुस्तीचा थर वर ठेवावा. चुकले तर तो थर काढून टाकता येतो आणि खालचे शाबूत राहते.

आता रंग. माऊस काळा आहे म्हणून काळा रंग भरणे ही पहिली आणि सर्वांत मोठी चूक. संगणकात उजळपणा ० ते २५५ असा मोजला जातो. ० म्हणजे निखळ काळे. दिव्याखाली ठेवलेल्या काळ्या माऊसकडे डोळे बारीक करून पाहिले, तर निखळ काळे केवळ फटींत आणि तळाशी टेकलेल्या कडेला सापडते. बाकी सारा राखाडी असतो. दिव्याकडील बाजू शंभराच्या पुढेही जाते, पलीकडची तीस-चाळीसपर्यंत उतरते. म्हणून धडाला ‘ग्रेडियंट’ साधनाने डावीकडून उजवीकडे गडद होत जाणारा राखाडी उतार द्यावा. पाठीच्या उंचवट्यावर पांढुरका ठिपका काढून, तो ‘गॉसियन ब्लर’ने पसरवून, त्या थराची अपारदर्शकता कमी करावी. प्लास्टिक चकचकीत असेल तर ठिपक्याची कड स्पष्ट ठेवावी, खडबडीत असेल तर विरघळू द्यावी. वस्तू कशाची आहे हे डोळ्याला रंगापेक्षा ही कड अधिक सांगते.

दोन बटणांमधील फट नुसती काळी रेघ ओढून होत नाही. काळ्या रेघेला लागून, दिव्यासमोर येणाऱ्या कडेवर, केसाएवढी उजळ रेघ द्यावी लागते. ती दिली की प्लास्टिकला जाडी येते. चाकाच्या खाचांनाही हाच नियम. तार पाथवरूनच जाड रेघ मारून होते. तिला फार वेळ देऊ नये.

वेळ द्यावा तो सावलीला. आज्ञावलीत तयार सावली टाकणारी आज्ञा असते आणि नवशिका ती आनंदाने वापरतो. परिणाम असा की माऊस कागदापासून दोन बोटे वर तरंगताना दिसतो. खऱ्या वस्तूला दुहेरी सावली असते. जिथे ती टेकते तिथे अरुंद, गर्द आणि जवळजवळ ठाशीव. तिथून दूर जावे तसतशी रुंद, फिकट आणि विरत जाणारी. म्हणून धडाच्या आकाराचे दोन काळे थर धडाखाली ठेवावेत. एक थोडासाच धूसर करून जेमतेम बाहेर डोकावू द्यावा, दुसरा बराच धूसर व फिका करून उजवीकडे सरकवावा. तारेची सावली तर गमतीची असते. तार जिथे कागदाला टेकते तिथे सावली तिला चिकटलेली आणि जिथे उचललेली तिथे सुटलेली. एवढे साधले की पाहणाऱ्याचा हात माऊस उचलायला पुढे होतो.

तरीही काहीतरी खटकते, कारण चित्र फार स्वच्छ असते. खणातून काढलेल्या माऊसचे डावे बटण तर्जनी घासून घासून उजव्यापेक्षा गुळगुळीत झालेले असते, अंगठ्याच्या जागेचा खडबडीतपणा गेलेला असतो, चाकाच्या खाचांत धूळ असते. धडावर अगदी सूक्ष्म कण टाकावेत आणि डाव्या बटणावर ते मुद्दाम पुसावेत. ज्याने तो माऊस वर्षानुवर्षे वापरला, त्याच्या बोटाची खूण चित्रात उतरते. दुकानातील खोक्यावरच्या चित्रात ती कधी नसते.

या सगळ्याला तीन-चार संध्याकाळी लागतात. त्यांचा एक उपयोग चित्राबाहेरचाही आहे. टेबलावर नसलेली वस्तू टेबलावर आहे असे स्वतःच्या हाताने एकदा दाखविले की ‘फोटो आहे ना’ हा पुरावा पुरेसा वाटेनासा होतो. जाहिरातीतील वस्तूची सावली एकीकडे आणि शेजारच्या कुंडीची दुसरीकडे पडलेली लगेच दिसते. याच साधनांनी पैसे पाठविल्याची बनावट पावतीही रंगविता येते आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ती मोबाइलवर घाईघाईने दाखविली जाते. तिथे तर शोधायला सावलीही नसते. दुकानदाराने पावतीचे चित्र पाहू नये. खात्यात रक्कम जमा झाली का, ते पाहावे.

चित्र पुरे झाले असे वाटले की ते गिम्पच्या स्वतःच्या स्वरूपात, सर्व थरांसह साठवावे, आणि इतरांना दाखविण्यासाठी वेगळी प्रत काढावी. केवळ प्रत साठविली तर थर एकत्र होतात आणि दुरुस्ती अवघड होते. मग ‘फ्लिप’ने ते डावे-उजवे उलटवून पाहावे, चित्रकार आरशात चित्र पाहत, तोच हा प्रकार. तीन दिवस सवयीने लपलेल्या चुका त्या क्षणी उघड्या पडतात. बहुधा चाक मध्यावरून केसभर सरकलेले असते आणि उजवी कड डावीपेक्षा फुगलेली असते. पुन्हा उलटवून, त्या थरावर जाऊन, चाक दोन टिंबे डावीकडे घ्यावे.