गायरान कोणाचें?

गुरांना चारा नाहीं, ओढे आटले, डोंगर बोडके झाले, अशी ओरड गांवोगांव ऐकूं येते. आणि सारा दोष कुणब्याच्या कुऱ्हाडीवर व धनगराच्या शेळीवर टाकून शहाणे लोक मोकळे होतात. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांतच या रोगाचें मूळ दाखविलें आहे. जंगलखात्यानें डोंगर-दऱ्यांबरोबर गायरानेंही गिळलीं आणि गरिबाच्या जनावरांस चरावयास जागा ठेविली नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. हक्क गेला कीं राखण्याची आस्थाही जाते. जें सर्वांचें होतें तें सरकारचें झालें, आणि सरकारचें तें कोणाचेंच नाहीं असें लोक मानूं लागले.

याच्या उलट गोष्ट पाहणें असेल त्यानें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) हें गोंड वस्तीचें गांव पाहावें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं त्यास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं येण्यास २०११ साल उजाडलें! आतां बांबू गांव तोडतें, गांवच विकतें. कोवळे कोंब राखले तर बेट पुन्हा फुटतें, हें ज्याला उद्यांही त्याच बेटाकडे जावयाचें आहे त्याला शिकवावें लागत नाहीं. तेथें निर्णय बहुमताच्या जोरावर होत नाहींत, सर्वांच्या संमतीनें होतात.

परंतु 'सर्वांचें' या शब्दानें वाचकांनीं फसूं नये. महाडचें चवदार तळें सार्वजनिकच होतें. सी. के. बोले यांचा ठराव कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं पास झाला होता. तरी गुरेंढोरें जेथें पाणी पीत, तेथें अस्पृश्यांस ओंजळ भरण्यासाठीं १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला. ज्या गांवांत शेवटच्या घराला बोलण्याची सोय नाहीं, तेथें सामायिक मालमत्ता म्हणजे चार वाड्यांची मालमत्ता होय.

गांवच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणें काढावीं, असें सुप्रीम कोर्टानें २०११ सालीं सांगितलें. ठीक आहे, पण पोटासाठीं चार काकर काढणारा भूमिहीन आणि तारेचें कुंपण घालून बसलेला बागाईतदार यांस एका दोरीनें मोजूं नये. त्याच निकालांत भूमिहीनांना व अनुसूचित जातिजमातींना सरकारी पट्ट्यानें दिलेल्या जमिनींपुरता अपवाद ठेविला आहे, तोही विसरूं नये.

यासाठीं आमचें आपल्या बंधुभगिनींस सांगणें इतकेंच कीं, येत्या ग्रामसभेस जा. गायरानाचा गट नंबर विचारा, मोजणी मागा, कुंपण कोणाचें तें मोठ्यानें बोला. आणि महारवाड्यांतील व धनगरवाड्यांतील माणूस तेथें बसला नसेल, तर आधीं त्यास बोलावून आणा. मगच सभा सुरू होऊं द्या. सर्वांचा हात लागला तरच रान राहील.