तंजावूरचा रेसिडेंट आणि आजचे राज्यपाल

ईस्ट इंडिया कंपनीने १७९९ साली तंजावूरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांच्याशी तह केला. त्या तहाने राजाचे सिंहासन, दरबार आणि मानमरातब शाबूत राहिले. राज्याचा कारभार मात्र कंपनीने आपल्या हाती घेतला. राजाची हुकमत तंजावूरचा किल्ला व त्याचा परिसर एवढ्यापुरतीच उरली आणि खरी सत्ता कंपनीच्या व तिच्या रेसिडेंटच्या हाती गेली. १८५५ मध्ये राजे शिवाजी पुरुष वारसाविना वारले तेव्हा कंपनीने ते उरलेले नावही पुसून टाकले. सिंहासन एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची, ही साम्राज्यशाहीची जुनी युक्ती होय.

त्याच तंजावूरमध्ये १९८१ साली तमिळ विद्यापीठाची स्थापना झाली. या विद्यापीठाच्या व राज्यातील इतर विद्यापीठांच्या कुलगुरूंची नेमणूक कोणी करावी, हा तामिळनाडूतील संघर्षाचा एक प्रमुख विषय ठरला. यासंबंधीची विधेयके लोकांनी निवडलेल्या विधानसभेने संमत केली. तत्कालीन राज्यपाल आर. एन. रवी यांच्या कार्यालयात ती पडून राहिली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यपालांनी दहा विधेयकांना संमती नाकारली. १८ नोव्हेंबर रोजी विधानसभेने खास अधिवेशन भरवून ती सर्व पुन्हा संमत केली. त्या दहांमध्ये तमिळ विद्यापीठाचे दुरुस्ती विधेयकही होते. दहाच दिवसांत राज्यपालांनी ती राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवली! पुढे २०२५ साली तंजावूर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे नवे विद्यापीठ स्थापन करण्याचे विधेयक विधानसभेने संमत केले. तेही राष्ट्रपतींकडेच रवाना झाले.

घटना याबाबत काय सांगते? अनुच्छेद १६३ नुसार राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे आहे. स्वविवेकाचे क्षेत्र हा अपवाद आहे. अनुच्छेद २०० विधेयकांबाबत त्यांना संमती देणे, संमती रोखून फेरविचारासाठी परत पाठविणे किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणे हे मार्ग देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत सत्ता आणि कर्तव्य यांतील भेद स्पष्ट केला होता. राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने बजावता येईल असे कार्य नाही; मंत्रिमंडळाला सल्ला देणे, सावध करणे, फेरविचार करावयास सांगणे ही त्याची कर्तव्ये आहेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. जेथे घटनेने कर्तव्य लिहिले आहे तेथे अधिकार वाचण्याची सवय जडली, हेच या रोगाचे मूळ होय.

विधेयक फेटाळले तर कारण द्यावे लागते आणि त्या कारणाचा जाब विचारता येतो. विधेयक नुसते दाबून ठेवले तर जाब विचारण्यासारखे काहीच उरत नाही. विलंब हे म्हणूनच सर्वांत सोयीचे हत्यार आहे. ८ एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने या हत्याराला मर्यादा घातल्या. कालमर्यादा ठरवून देऊन त्यांनी ती दहा विधेयके संमत झाल्याचे घोषित केले. मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने कुलगुरू-नेमणुकीच्या तरतुदींना स्थगिती दिली. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत दिले की न्यायालयाला अशी कालमर्यादा घालता येत नाही व संमती गृहीतही धरता येत नाही. मात्र राज्यपाल विधेयकावर बेमुदत बसून राहू शकत नाहीत, आणि दीर्घकाळच्या, कारणाविना केलेल्या दिरंगाईविरुद्ध न्यायालय मर्यादित आदेश देऊ शकते, हेही घटनापीठाने मान्य केले. तात्पर्य, न्यायालयाने दार बंद केले नाही. पण ते उघडून देण्याचे कामही स्वतःकडे ठेवले नाही.

ही प्रथा एका पक्षाची वा एका व्यक्तीची निर्मिती नाही. १९५२ मध्ये मद्रास विधानसभेत काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागा मिळाल्या असताना राज्यपाल श्रीप्रकाश यांनी राजगोपालाचारींना सरकार बनविण्यास पाचारण केले. ते तर विधानसभेवर निवडूनही आलेले नव्हते. १९५९ मध्ये केरळचे नंबुद्रिपाद सरकार बडतर्फ झाले. जानेवारी १९९१ मध्ये राज्यपाल सुरजितसिंग बर्नाला यांनी प्रतिकूल अहवाल देण्यास नकार दिला, तरी तामिळनाडूचे करुणानिधी सरकार केंद्राने घालविलेच. महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेचा शपथविधी वाचक विसरले नसतील. २०२२ मध्ये बहुमत चाचणीचा आदेश देण्यास राज्यपालांजवळ पुरेसा आधार नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट सांगितले. पण तोवर सरकार जाऊन वर्ष होत आले होते.

राज्य सरकारांच्या मनमानीला आळा कोणी घालावयाचा, असा प्रश्न केला जातो. प्रश्न रास्त आहे. कुलगुरू मंत्र्यांच्या खिशात असणे हे राज्यपालांच्या खिशात असण्याइतकेच घातक आहे. विद्यापीठाची स्वायत्तता शिक्षक व विद्यार्थ्यांच्या हक्कांवर उभी राहिली पाहिजे. परंतु घटनाबाह्य कायदा रद्द करण्यास न्यायालये आहेत आणि अन्यायी सरकार बदलण्यास मतदार आहेत. केंद्राने नेमलेल्या, जनतेला उत्तरदायी नसलेल्या व्यक्तीच्या मौनाला या दोहोंची जागा देता येणार नाही.

हा वाद राजभवन व सचिवालय यांच्यातील मानापमानाचा आहे असे कोणी समजू नये. १९५२ मध्ये तंजावूरच्या कुळांना व पण्णैयाळ शेतमजुरांना संरक्षण देणारा वटहुकूम निघाला तो त्यांच्या संघर्षाच्या रेट्याने. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने त्यावर सही करणे एवढेच राज्यपालांचे काम होते. असा कायदा राजभवनातील कपाटात तीन वर्षे पडून राहिला असता तर त्या कुळांचे काय झाले असते? आज कावेरीच्या खोऱ्यातील शेतमजुराच्या मुलीला जवळचे विद्यापीठ केव्हा मिळेल, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

पुंछी आयोगाने २०१० साली विधेयकावरील निर्णयासाठी सहा महिन्यांची मर्यादा सुचविली होती आणि कुलपतिपदाचा भार राज्यपालांवर टाकू नये असेही म्हटले होते. न्यायालयाला जे करता येत नाही ते संसदेला करता येते. अनुच्छेद २०० व २०१ मध्ये निश्चित मुदत लिहिली गेली पाहिजे, संमती रोखण्याची कारणे प्रसिद्ध करण्याचे बंधन आले पाहिजे आणि राज्यपालांच्या नेमणुकीत राज्याचे मत विचारात घेतले गेले पाहिजे. या मागण्या वकिलांच्या कक्षात राहून भागणार नाही. किसान सभेच्या, कामगार संघटनांच्या, विद्यार्थी चळवळीच्या व्यासपीठावर त्या आल्या पाहिजेत. तंजावूरच्या राजाजवळ किल्ल्याबाहेर जनता उभी नव्हती. विधानसभांच्या पाठीशी ती उभी करणे हे आपले काम आहे.