‘मीडिया मनुवादी आहे’ एवढे म्हणून भागणार नाही

आपल्या कोणत्याही बैठकीत माध्यमांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "मीडिया मनुवादी आहे, विकला गेलाय." टाळ्या पडतात आणि विषय तिथेच संपतो. वाक्य चुकीचे नाही. 2006 साली योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या 37 हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या 315 जणांची पाहणी केली. त्यात 71 टक्के जण सवर्ण हिंदू पुरुष होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. एकही नाही! म्हणजे आरोपाला आकडेवारीचा आधार आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. हे कळल्यानंतर आपण काय करतो?

माध्यमे लोकांचे मत थेट बदलतात, अशी आपली समजूत असते. अभ्यास वेगळेच सांगतो. 1968 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅकॉम्ब्ज आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपल हिल येथे मत न ठरलेल्या 100 मतदारांना विचारले, तुमच्या मते देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते? मग ती उत्तरे बातम्यांशी ताडून पाहिली. माध्यमांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली होती, तेच प्रश्न मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून ‘अजेंडा सेटिंग’चा सिद्धांत पुढे आला. काय विचार करायचा हे माध्यमे सांगतीलच असे नाही. पण कशाविषयी विचार करायचा, हे ती ठरवतात.

पुढचा टप्पा चौकटीचा. बातमी आली तरी ती कोणत्या चौकटीत बसवली, यावर दोषी कोण आणि उपाय काय हे ठरते. खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांची चौकट होती अनैतिक संबंध आणि चिडलेले गावकरी. जात गायब! मुंबई-दिल्लीच्या माध्यमांना तर कित्येक आठवडे ही बातमीच वाटली नाही. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन सत्यशोधन केले, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली. त्यातही आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची भाषा थेट गृहमंत्र्यांकडून आली. नोव्हेंबरअखेर कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले आणि ती मात्र एका दिवसात देशभराची बातमी झाली. चार माणसे मेली तेव्हा ‘गावातले भांडण’ आणि डबे जळाले तेव्हा ‘दलितांचा हिंसाचार’! चौकट म्हणतात ती हीच.

आता थोडे स्वतःकडे पाहू. आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात मी मुलांना एक काम दिले. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर काय काय आले, त्याची यादी करा. यादी वाचली आणि सगळेच गप्प झालो. बहुतेक पोस्ट कुठल्यातरी अँकरच्या किंवा ट्रोलच्या वक्तव्याला दिलेली उत्तरे होती. ज्यांची शिष्यवृत्ती रखडली आहे, अशी मुले त्याच ग्रुपमध्ये होती. शिष्यवृत्तीवर एकही पोस्ट नव्हती. विटंबनेचा व्हिडिओ निषेध म्हणून आपणच शंभर ठिकाणी पाठवतो, तेव्हा प्रसार कोणाचा होतो? चीड आपली, पण अजेंडा त्यांचा.

विटंबनेवर गप्प बसा, असे मी म्हणत नाही. निषेध झालाच पाहिजे. पण निषेधानंतर आपला स्वतःचा प्रश्न पुढे यायलाच हवा.

ते आपल्याला शक्यही आहे. 1940 च्या अमेरिकी निवडणुकीत ओहायो राज्यातील ईरी काउंटीत पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी मतदारांचा अभ्यास केला. रेडिओ-वर्तमानपत्रापेक्षा ओळखीच्या, जाणत्या माणसाचा शब्द लोकांवर अधिक परिणाम करतो, असे त्यांना दिसले. आपल्या वस्तीत हा जाणता माणूस कोण? बुद्धविहारात रविवारी बोलणारा, अर्ज भरून देणारा कार्यकर्ता. चॅनेल आपल्या मालकीचे नाही, पण हा माणूस आपल्याकडे आहे.

म्हणून तीन कामे करू. एक, स्थानिक वर्तमानपत्रांत अत्याचाराच्या बातमीत जात आणि अॅट्रॉसिटी कायदा यांचा उल्लेख येतो की नाही, याची वर्षभर नोंद ठेवू आणि ती वही घेऊन संपादकाकडे जाऊ. दोन, घटना घडली की पहिल्या दिवशी एफआयआरची प्रत, कलमे आणि कुटुंबाच्या संमतीने त्यांचे म्हणणे असलेले एक पान आपणच तयार करू, म्हणजे चौकट ठरण्याआधी आपली बाजू पोचेल. तीन, प्रत्येक ग्रुपने महिन्याला एक प्रश्न निवडावा आणि तो सोडू नये.

बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत. 31 जानेवारी 1920 रोजी पहिला अंक निघाला. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. दुसऱ्यांची पत्रे कशी आहेत हे त्यांनी स्पष्ट सांगितलेच, पण तेवढे सांगून ते घरी बसले नाहीत. आपल्या हातात आज छापखान्याऐवजी फोन आहे. तो उत्तरे देण्यात संपवायचा की प्रश्न मांडायला वापरायचा, हे आपणच ठरवायचे आहे.

जय भीम!