एका कपाचा हिशेब

पुणतांब्यातील किराणा दुकानात कॉफीच्या लहान पुड्यांच्या माळा लोंबताना दिसतात. हा मुलूख चहाचा. कॉफी लागते ती पाहुण्यासाठी किंवा परीक्षेच्या रात्री जागणाऱ्या मुलासाठी. त्यामुळे बाटली सहसा कोणी घेत नाही, एका कपापुरती पुडी मागितली जाते. दुकानदार ‘कोणती देऊ?’ असे विचारतो आणि गिऱ्हाईक जाहिरातीत ऐकलेले एखादे नाव सांगते. निवडीचा सारा व्यवहार एवढ्यात आटोपतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील ग्राहक पूर्ण माहितीच्या आधारे विवेकाने निवड करीत असतो. हा ग्राहक प्रत्यक्षात आढळत नाही. परंतु त्याचा दोष ग्राहकाकडे नाही.

१ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक याच गावाने दिली होती. येथील शेतकरी संकलन केंद्रावर दूध घालतो तेव्हा त्याच्या दुधाची फॅट दशांशापर्यंत मोजली जाते आणि त्यावरून दर ठरतो. त्याच्याच घरी त्या दुधात पडणाऱ्या पुडीत माल किती आणि त्यात कॉफी किती, हे मात्र त्याला कोणी मोजून दाखवीत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, दोन-दोन रुपयांच्या दोन पुड्या आहेत. पहिलीत दीड ग्रॅम आणि दुसरीत १.२ ग्रॅम माल आहे. पहिली स्वस्त, असे कोणीही म्हणेल. परंतु बाजारातील पुष्कळशा कॉफीत चिकोरीच्या भाजलेल्या मुळांचा अंश मिसळलेला असतो. हे बेकायदा नव्हे. अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी आणि त्याचे प्रमाण वेष्टनावर सांगावे, अशी अन्नसुरक्षा नियमांची अट आहे. आता पहिलीत कॉफी ६० टक्के आणि दुसरीत ८० टक्के असेल, तर पहिलीत ०.९० ग्रॅम आणि दुसरीत ०.९६ ग्रॅम कॉफी भरते. म्हणजे वजनाने हलकी पुडीच कॉफीच्या हिशेबाने स्वस्त ठरते. ज्यांना चिकोरीची चव आवडते त्यांनी ती खुशाल घ्यावी. पण आपण काय घेत आहोत हे त्यांना ठाऊक असावे. शिवाय पुडीची किंमत नाण्याला बांधलेली असल्यामुळे, भाववाढ झाली की किंमत तीच राहते आणि वजन मुकाट्याने उतरते.

श्रीमंतांच्या कॉफीची कथा फारशी निराळी नाही. नेस्ले कंपनीने १९८६ साली नेस्प्रेसो ही कुपीबंद कॉफी बाजारात आणली. यंत्र एकदा घेतले, की त्यात बसेल तीच कुपी घ्यावी लागते. पाच ग्रॅमची कुपी पन्नास रुपयांना पडली असे धरले, तर कॉफीचा भाव किलोला दहा हजार रुपये होतो. कपामागे पन्नास रुपये सहज देणाराही हा आकडा ऐकून थबकेल. मात्र तो सोयीची किंमत मोजतो. पुडी घेणाऱ्याजवळ बाटलीपुरते पैसेच नसतात.

यावर उपाय आहे आणि तो अर्धामुर्धा झालेलाही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आवेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती केली. चहा, कॉफी आदी वस्तू ठरावीक वजनांतच विकण्याचे बंधन गेले. त्याबरोबरच दर ग्रॅमची वा किलोची किंमत वेष्टनावर छापण्याची तरतूद आली. परंतु दहा ग्रॅम वा त्याहून कमी वजनाच्या वेष्टनांना या नियमांतून सामान्यतः सूट आहे. म्हणजे बाटली घेणाऱ्याला जे संरक्षण मिळते, ते पुडी घेणाऱ्याला मिळत नाही.

एवढ्याशा कागदावर इतका मजकूर मावणार कसा, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु पानमसाल्याच्या लहान पुड्यांची ही सूट काढून घेण्याचा निर्णय सरकारने २०२५ साली घेतलाच. तेथे जागा सापडते, मग कॉफीच्या पुडीवरच ती का सापडू नये? प्रतिग्रॅम किंमत आणि कॉफीचे प्रमाण हे दोन आकडे ठळक छापणे सक्तीचे करावे. तोवर शिक्षकांनी वर्गात हे गणित फळ्यावर मांडावे आणि विद्यार्थ्यांनी पुडी फाडण्यापूर्वी ती वाचावी. ज्याच्या खिशात दोनच रुपये आहेत, त्याला हिशेबाची गरज अधिक असते.