शब्दांचा जमाखर्च : हरवले कोणी?

गेल्या अंकातील ‘येणे’ आणि ‘देणे’ यांवरील टिपण वाचून एका तरुण व्यापारी वाचकाने विचारले आहे की, इंग्रजी पत्रात ‘हरवले’, ‘चुकले’, ‘बुडाले’ हे सारे ‘लॉस्ट’ या एकाच शब्दाने लिहिले तर चालते का? प्रश्न व्यवहाराचा आहे. त्याचे उत्तर मात्र मला प्रथम व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे, तर एका चुकीतून मिळाले.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील ही गोष्ट. शाखेत एका वृद्ध विधवा मातुःश्रींनी मुदत ठेवीची पावती नूतनीकरणासाठी माझ्या हाती दिली होती. ती माझ्याच टेबलावरून गहाळ झाली. दोन दिवस कपाटे धुंडाळली आणि अखेर मी व्यवस्थापकांना इंग्रजीत टिपण लिहिले : ‘द रिसीट इज लॉस्ट.’ त्यांनी ते वाचले, लाल शाईने खाली एकच प्रश्न लिहिला, ‘बाय हूम?’ आणि कागद परत पाठवला. पावती ग्राहकाने हरवली असेल, तर दुसरी प्रत देण्यापूर्वी ग्राहकाकडून इंडेम्निटी बाँड घ्यावा लागे. बँकेने हरवली असेल, तर तो भार ग्राहकावर टाकण्याचे कारण नव्हते. माझ्या वाक्यात हरवणाराच नव्हता. त्यामुळे तो भार आपोआप त्या मातुःश्रींवर गेला असता. मी नवे टिपण लिहिले : ‘आय हॅव लॉस्ट द रिसीट.’ हात थरथरत होता. पण मातुःश्रींना स्टँपपेपर आणावा लागला नाही.

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘छत्री हरवली’, ‘गाडी चुकली’, ‘पाकीट पडले’, ‘पैसे बुडाले’. या वाक्यांत वस्तूच कर्ता होते. जणू छत्रीच पाय फुटून निघून गेली! इंग्रजीत मात्र माणूस पुढे येतो : ‘आय लॉस्ट माय अम्ब्रेला’, ‘आय मिस्ड द ट्रेन’, ‘आय ड्रॉप्ड माय वॉलेट’. मराठी वाक्य शब्दशः उलटवून ‘माय ट्रेन मिस्ड’ असे लिहिले की इंग्रजी वाचणारा थबकतो, तो यामुळेच.

आता एकेक क्रियापद पाहू. ‘लूझ’ म्हणजे गमावणे. त्याचे भूतकाळी रूप ‘लॉस्ट’. यात ‘ओ’ एकच आहे. दोन ‘ओ’ घातले की तो ‘लूस’ होतो, म्हणजे सैल किंवा सुटा. ‘वुई डू नॉट वाँट टु लूझ युवर ऑर्डर’ असे लिहिताना एक ‘ओ’ जास्त पडला, तर अर्थाचा गोंधळ होतो. गमावण्याच्या शब्दात एक ‘ओ’ गमावलेला आहे, एवढी खूण पुरे.

‘मिस’ म्हणजे हुकणे : गाडी, बैठक, हप्त्याची तारीख. एखाद्याची उणीव भासणे हाही त्याचाच अर्थ. सासरी गेलेली लेक ‘आय मिस यू’ असे लिहिते, तेव्हा तिची कोणतीही गाडी चुकलेली नसते. मालाच्या 50 पोत्यांपैकी 3 आली नाहीत, तर ‘थ्री बॅग्ज आर मिसिंग’ असे लिहावे, ‘मिस्ड’ नव्हे.

‘मिसले’ म्हणजे कोठेतरी ठेवून ती जागा विसरणे. लॉकरची किल्ली घरातच असल्याची खात्री असेल, तर ‘मिसलेड’ म्हणावे. ‘लॉस्ट’ लिहून दिलेत तर लॉकर फोडण्याची प्रक्रिया सुरू होते आणि तिचा खर्च ग्राहकाला पडतो.

व्यापारातील तोटा इंग्रजीत ‘मिळत’ नाही, ‘करावा’ लागतो : ‘वुई मेड अ लॉस’. ‘वुई गॉट लॉस’ ही आपल्या पेठेतील घडण आहे. करार मोडल्यामुळे इसाऱ्याची रक्कम गेली, तर तेथे ‘फॉरफिट’; त्यात स्वतःच्या कसुरीचा अर्थ अंतर्भूत असतो. हप्ता न भरल्याने विमा संपुष्टात आला, तर ‘द पॉलिसी लॅप्स्ड’. येथे मात्र इंग्रजीतही पॉलिसीच कर्ता होते.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज ‘राइट ऑफ’चा. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केले म्हणजे ते माफ झाले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम वजा केलेली असते. ऋणकोकडून वसुली करण्याचा तिचा हक्क कायम राहतो. हक्क सोडून देणे याला ‘वेव्ह’ म्हणतात. पहिल्यात खाते हलते, दुसऱ्यात देणे सुटते.

‘मिसलेड’ आणि ‘लॉस्ट’ यांतील भेद न्यायालयांनीही मानला आहे. 1851 साली इंग्लंडमध्ये ‘ब्रिजेस विरुद्ध हॉक्सवर्थ’ हा खटला गाजला. एका फिरत्या विक्रेत्याला दुकानाच्या जमिनीवर नोटांचे पुडके सापडले. त्याने ते मालकाच्या शोधासाठी दुकानदाराकडे ठेवले. मूळ मालक आलाच नाही, तेव्हा न्यायालयाने नोटा सापडणाऱ्याला दिल्या. 1866 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये एका ग्राहकाला न्हाव्याच्या दुकानातील टेबलावर पाकीट सापडले. तेथील न्यायालय म्हणाले की, हे पाकीट हरवलेले नसून ठेवून विसरलेले आहे. म्हणून ते दुकानदारानेच सांभाळावे. जमिनीवर पडलेले आणि टेबलावर विसरलेले, एवढ्या फरकाने निकाल बदलला.

हे वाचले तेव्हा मला ‘रत्नकरंड श्रावकाचार’ आठवला. अचौर्याणुव्रत सांगताना आचार्य समंतभद्रांनी परक्याच्या वस्तूचे ठेवलेली, पडलेली आणि विसरलेली असे तीन प्रकार वेगळे सांगितले आहेत. शब्दांचा हा काटेकोरपणा कोणत्याही कायदेपंडिताच्या तोडीचा आहे. परंतु त्यांचा निर्णय तिन्ही ठिकाणी एकच : दिल्यावाचून ती स्वतः घेऊ नये आणि उचलून दुसऱ्यालाही देऊ नये. वस्तू कोणाच्या ताब्यात राहावी, हे न्यायालय ठरवते. आपण हात पुढे करावा की नाही, हे व्रत ठरवते.

शेवटी या शब्दाची दुसरी बाजू. सांगलीचे हळदीचे एक व्यापारी एकदा परदेशी गिऱ्हाइकाचे पत्र घेऊन माझ्याकडे आले. त्यात ‘आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस’ असे होते. ते म्हणाले, “साहेब, यंदा तर आपल्याला नफा आहे. तोट्याची बातमी याला कोणी दिली?” महिन्यापूर्वीच त्यांचे वडील निवर्तले होते आणि माल पाठवायला उशीर झाल्याचे कारण म्हणून त्यांनी स्वतःच ते कळवले होते. मी अर्थ सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरोबर लिहिलंय त्यानं. हा तोटा वहीत कुठं मांडणार?”

तेव्हा वाचकहो, हा शब्द कागदावर उतरवण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हरवले कोणी? उत्तर ‘मी’ असेल, तर तसेच लिहावे. प्रतिक्रमणाला बसताना आपण दोषाचा कर्ता लपवत नाही. तो पत्रातही लपवू नये.

जय जिनेंद्र.